सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यांची चाकं सारखी तुटतायत, काय करावं?

नाइलाजाने_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी. एजीएमला (सोसायटीच्या वार्षिक सभेला) मी चहा सांगायला म्हणून खाली गेलो आणि वर येईपर्यंत सेक्रेटरी झालो होतो, तर हा धागा त्या पापाचं फळ समजा.

पुण्यात सिंहगड रोडला आमची सोसायटी आहे, चार विंग, १४४ फ्लॅट. प्रत्येक विंगखाली २४० लिटरचे दोन चाकवाले डबे, हिरवा ओल्याला आणि निळा सुक्याला, म्हणजे एकूण आठ. सकाळी हाउसकीपिंगच्या ताई ते ओढत गेटपर्यंत आणतात आणि घंटागाडी यायच्या आत तिथे लावून ठेवतात. दोन वर्षांपूर्वी डबे नवे घेतले तेव्हा सगळे खूश होते, आता आठातले तीन लंगडे आहेत. एकाचं चाक मधल्या गोलातून चिरून निघून आलं, एकाचा ॲक्सल (चाकं बसतात तो लोखंडी दांडा) इतका गंजलाय की चाक फिरतच नाही, नुसतं घसटत जातं, आणि तिसऱ्याच्या तळाला मागच्या बाजूला भोक पडलंय त्यातून ते काळं पाणी पार्किंगभर, बाकी वर्णन करत नाही, जेवणाची वेळ आहे.

चाकं दोनदा बदलली. दोन्ही वेळा दुकानदार म्हणाला 'हेवी ड्यूटी देतो साहेब'. दोन्ही वेळा दोन-अडीच महिन्यांत तेच. कमिटीत आता दोन पार्ट्या आहेत, एक म्हणते सगळे डबे फेकून नवे घ्या, दुसरी म्हणते डबेच नकोत, जुने लोखंडी ड्रम बरे होते. मला एवढंच हवंय की सकाळी सहा वाजता तो खडखडाट बंद व्हावा आणि वास जावा. कुणी हे नीट सोडवलंय का?

ठाणेकर_ठोंब्या
बेअरिंगवाली चाकं टाका, विषय संपला. आमच्याकडे तेच केलंय.

फॅसिलिटी_फडतरे
विषय एवढ्यात संपत नाही ओ ठाणेकर. १४ वर्षं फॅसिलिटीत काढली आहेत म्हणून सांगतो, या डब्याच्या चाकात बेअरिंग वगैरे नसतंच मुळात. साधारण ८ इंची चाक, प्लास्टिकचा गाभा, वरून रबर, आणि ते थेट लोखंडी दांड्यावर फिरतं. बाहेरून टोपी किंवा स्प्लिट पिन. इतकं साधं आहे म्हणून स्वस्त आहे आणि नीट वापरलं तर वर्षानुवर्षं चालतं. तुमचं दोन महिन्यांत चिरतंय म्हणजे चाकाचा दोष नाही, चाकावर काहीतरी अत्याचार चाललाय.

सेक्रेटरी साहेब, चार गोष्टी सांगा. भरलेल्या डब्याचं वजन किती? वाटेत पायरी, गटाराची जाळी, उखडलेला पेव्हर काय काय आहे? डबा तिरका करून ओढतात की उभाच ढकलतात? आणि ॲक्सल जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेला) आहे की एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडी सळईला चंदेरी रंग मारलाय? शेवटचं ओळखायला सोपं आहे, कानस घेऊन कोपऱ्यात जरा घासा, रंग सुटून खाली तांबूस गंज दिसला की समजा रंगावर भागवलंय.

तळाला भोक पडलंय हे वाचूनच थोडा अंदाज आला. डबा पुरेसा तिरका केला नाही की मागची कड जमिनीला घासत जाते. आणि माणूस पुरेसा तिरका कधी करत नाही? जेव्हा तो पेलवत नाही तेव्हा.

नाइलाजाने_सेक्रेटरी
वजन कधी केलंच नाही हो. आज संध्याकाळी बघतो, कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे प्लॅटफॉर्म काटा आहे.

काळी_मांजर
माझ्या बाबांनी असल्या कुरकुरणाऱ्या चाकात गाडीतून काढलेलं जुनं इंजिन ऑइल घातलं होतं, लोण्यासारखं चालायला लागलं. फुकट काम. करून बघा.

फॅसिलिटी_फडतरे
मांजर, बाबांना नमस्कार सांगा पण हे करू नका. एक आठवडा लोणी, मग त्या तेलात पार्किंगची धूळ आणि वाळू बसते आणि ती पॉलिश पेपरसारखी प्लास्टिकचा गाभा खात बसते. भोक मोठं झालं की चाक डुलतं आणि डुलणारं चाक एक दिवस कडेला आपटून चिरतं. शिवाय पेव्हरवर तेलाचे डाग, ते जन्मात जात नाहीत. आम्ही काय करायचो, महिन्यातून एकदा टोपी काढून चाक बाहेर, दांड्याला गुंडाळलेले केस, सुतळी, दूधपिशवीच्या पट्ट्या ब्लेडने कापून काढायच्या (आहाहा काय काय निघतं), कोरड्या फडक्याने पुसायचं, सिलिकॉनचा स्प्रे अगदी हलका, परत चाक. डब्ल्यूडी ४० अडकलेलं सोडवायला चांगलं आहे पण वंगण म्हणून त्याच्यावर राहू नका, उडून जातं.

काळी_मांजर
बाबांचं अजून चालू आहे हां, सांगून ठेवते 😼

जांभा_चिरा
रत्नागिरीकडून लिहितोय. आमच्याकडे सोसायटी नाही, आगरातलं घर, पण रस्त्यापासून घर दोनशे फूट आत आणि वाट सगळी जांभ्याची. त्या आठ इंची चाकाचं जांभ्यावर काही चालत नाही, प्रत्येक खळग्यात अडकतं. चाक जेवढं मोठं तेवढं खड्ड्यावरून अलगद जातं, बैलगाडी बघा की. मी वेल्डरकडून एक दोनचाकी सांगाडा करून घेतला, हातगाडीची जुनी चाकं लावली, त्यावर डबा पट्ट्याने आवळतो. डबा साधाच, चाकंच नाहीत त्याला, म्हणून तुटायचा प्रश्नच नाही, धुवायचा तेव्हा सुटा करून आडवा पाडून धुवायचा.

समुद्राच्या हवेत साधी सळई एक पावसाळासुद्धा काढत नाही. स्टेनलेसचा तुकडा कापून घ्या, फॅब्रिकेटरकडे भंगारातसुद्धा मिळतो.

आणि आमच्याकडे झाकणाचा वेगळाच ताप. वानरं. झाकण उचलून आतलं सगळं निवांत निवडून खातात आणि फणसाच्या चारखंडांनी आपल्यालाच मारतात. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून झाकणावरून ताणून हुकात अडकवतो, ते त्यांना अजून जमलेलं नाही. अजून.

नाइलाजाने_सेक्रेटरी
मंडळी, वजन केलं. बसा आधी.

सी विंगचा हिरवा डबा, सकाळी गेटवर जातो तसा भरलेला, डब्यासकट १३१ किलो. रद्दीवाला म्हणाला 'काय लोखंड आणलंय का'. रिकामा डबा १३ किलो भरला. म्हणजे आत ११८ किलो ओला कचरा.

मला वाटलं काटा खराब आहे म्हणून मी स्वतः उभा राहिलो. काटा दुर्दैवाने बरोबर आहे.

बर्फातली_मनी
मी जर्मनीत राहते, इथे प्रत्येक घराला हेच डबे असतात, आमच्याकडे ओल्याला तपकिरी, कागदाला निळा. जाऊन आमच्या डब्याचं अंग नीट बघितलं. युरोपात या डब्यांना ईएन ८४० म्हणून मानक आहे आणि ते आकडे डब्याच्या अंगावर उठावाने छापलेले असतात. २४० लिटरच्या डब्यात ९६ किलो माल, डब्यासकट साधारण ११०. १२० लिटरच्यात ४८ किलो. म्हणजे लिटरला ०.४ किलो धरलंय. ओला कचरा, त्यात आपल्याकडचा, नारळ, कलिंगडाच्या साली, भिजलेली चहापूड, लिटरला अर्धा किलो सहज होतो. म्हणजे ओल्या कचऱ्याने डबा काठोकाठ भरला की तो मुळातच ओव्हरलोड. सुक्या कचऱ्याचा निळा डबा काठोकाठ भरला तरी काही होत नाही, हा फरक लक्षात घ्या.

अजून एक गंमत, डब्यावर कुठेतरी घड्याळासारखा छोटा गोल शिक्का असतो, कडेने १ ते १२ आणि मधल्या बाणाशी वर्षाचे आकडे. ती तयार केल्याची तारीख. 'नवे' म्हणून घेतलेले खरंच नवे होते का ते कळेल. इथे झाकण नीट बंद होत नसेल तर बऱ्याच गावांत गाडीवाले डबा तसाच सोडून जातात, त्यामुळे लोक आपोआप शिस्तीत असतात. हिवाळ्यात मात्र ओला कचरा आतून गोठून डब्याला चिकटतो आणि उलटा केला तरी पडत नाही, तेव्हा सगळी जर्मन शिस्त काठी घेऊन खरवडत असते.

फॅसिलिटी_फडतरे
मनी म्हणते ते शंभर टक्के. आता मला सांगा, चार विंगांना चार हिरवे डबे आहेत ना? १४४ घरं, घरटी पाऊण-एक किलो ओला धरला तर रोजचा सगळा मिळून शंभर ते दीडशे किलो. मग एकाच डब्यात ११८ कसा? बाकीच्या तीन डब्यांत काय ठेवलंय, केळीचे वेफर्स?

नाइलाजाने_सेक्रेटरी
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्या सकाळी लवकर उठून बघतो.

खवचट_खानोलकर
सेक्रेटरी सकाळी सहाला उठून कचरा बघायला उतरणार, ही बातमीच आहे. फोटो टाका.

नाइलाजाने_सेक्रेटरी
उतरलो. फोटो नाही, बर्म्युडात होतो.

झालं असं की ताई आधी डी विंगचा डबा ए मध्ये ओततात, मग बी चा, सगळं शेवटी सी विंगच्या एका डब्यात जमा होतं आणि तो एकच डबा गेटवर जातो. मी जरा आवाज चढवूनच विचारलं की अहो असं का करता, चार डबे दिलेत ना. त्या म्हणाल्या, 'सर, त्या पायरीवरून चारदा उतरवण्यापेक्षा एकदाच उतरवते.'

कुठली पायरी? मी रोज गाडी घेऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो, मला ती पायरी माहीतच नाही. सी विंगच्या पुढे पोडियम, म्हणजे बिल्डिंगचा उंच चौथरा, संपतं तिथे पाच इंचाची पायरी आहे, तिथे त्या डबा कडेला आणतात, पायाने मागून धरतात आणि सोडतात. धप्प. १३१ किलो पाच इंचावरून दोन प्लास्टिकच्या चाकांवर. तो सकाळी सहाचा आवाज खडखडाट नव्हताच, तो हा धप्प होता. पायरीच्या कडेचा सिमेंटचा टवकाही उडालाय, तिथे डब्याचा हिरवा रंग लागलेला दिसतो, आणि तळाचं भोक बरोब्बर त्याच उंचीला आहे.

ताईंना विचारलं आधी का नाही सांगितलंत, तर म्हणाल्या सुपरवायझरला सांगितलं होतं, तो म्हणाला चाकं बदलून देतो.

दोन वर्षं आम्ही चाकं बदलतोय.

फॅसिलिटी_फडतरे
बास, सापडलं. रॅम्प करा. पाच इंच उंची तर उतार निदान पाच फूट लांब, एकास बारा हे प्रमाण धरायचं, व्हीलचेअरलाही हेच असतं. लोक जागा वाचवायला दोन फुटांत उतरवतात आणि मग भरलेला डबा माणसाला घेऊन खाली जातो, ते पायरीपेक्षा वाईट. तीन फूट रुंद पुरे. वरून घोटून गुळगुळीत करू देऊ नका, गवंड्याला सवय असते. ओलं असतानाच झाडूने आडव्या रेघा मारून घ्या नाहीतर पावसात घसरगुंडी. एक पोतं सिमेंटचं काम आहे, आणि आठवडाभर पाणी मारा नाहीतर कडा पहिल्याच महिन्यात सुटतील.

तोवर पायरीशी दोघींनी मिळून उतरवायचा डबा, आणि अर्ध्याच्या वर ओला भरायचा नाही. आत रंगाने एक रेघ मारून ठेवा, बोलावं लागत नाही. रॅम्प झाला की कुणाला एकात चार ओतायची गरजही राहणार नाही, बघा.

जांभा_चिरा
रॅम्पच्या खालच्या टोकाशी पाणी साठणार नाही एवढं बघा. चाकं रोज पाण्यातून गेली की ॲक्सल परत गंजला.

सुगरण_साने
चाकांचं मार्गी लागलं तर वासाचं बोलू का? आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत अळ्यांनी वात आणला होता. उन्हाळ्यात माशीची अंडी एका दिवसात फुटतात म्हणून ओला डबा रोज रिकामा व्हायलाच हवा, रविवारची सुट्टी चालत नाही. तळाला आम्ही जाड थर वाळक्या पानांचा टाकतो, माळी झाडून आणतो तीच पानं, ती पाणी पिऊन घेतात आणि डबा उलटा केला की सगळा गोळा सुटून येतो, तळाला चिकटत नाही. पानं नसतील तर रद्दी पेपर. गणपतीत निर्माल्य आणि हार वेगळे ठेवा, ओल्या झेंडूचं वजन काय असतं ते उचलल्याशिवाय कळत नाही.

धुवायला मी सांगते, ब्लीचिंग पावडर टाकायची आणि वरून ते संडासचं ॲसिड, चकाचक होतो.

बर्फातली_मनी
साने काकू, कृपा करून नको. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि डब्यात तर माणूस तोंड घालून घासत असतो. दोन्हीपैकी एकच, खरं तर साधा कपडे धुवायचा साबण, लांब दांड्याचा ब्रश आणि नंतर ऊन एवढंच पुरतं.

सुगरण_साने
अगं बाई. दोन वर्षं करतोय आम्ही. ताईंना खोकला होतो म्हणायच्या. आजच बंद करते.

ठाणेकर_ठोंब्या
धुतलेलं पाणी पावसाळी गटारात सोडू नका, ड्रेनेजच्या चेंबरवर धुवा. आणि जास्तीचे रिकामे डबे असतील ते उलटे ठेवा, झाकण तुटलेल्या डब्यात पाऊस साठला की आठ-दहा दिवसांत डासांची पैदास, आमच्याकडे फवारणीवाले आले तेव्हा त्यांनी पहिले तेच दाखवले. (बेअरिंगचं मागे घेतो.)

नाइलाजाने_सेक्रेटरी
तळाच्या भोकाला एम-सील लावलं होतं, दोन दिवसांत टिकलीसारखं निघून आलं. फेव्हिक्विक पण झालं. काय लावू?

फॅसिलिटी_फडतरे
डब्याच्या प्लास्टिकला, म्हणजे एचडीपीईला, यातलं काही धरत नाही, ते मेणासारखं असतं. पाण्याच्या टाक्या रिपेअर करणारे फिरतात ना, गरम हत्याराने प्लास्टिक वितळवून जोड देणारे, त्यांना बोलवा, त्याच जातीच्या प्लास्टिकचा तुकडा आतून वेल्ड करतील. जुन्या मेलेल्या डब्याचं झाकण कापून तोच तुकडा द्या त्यांना. तेही नको असेल तर तो डबा सुक्याला लावा, सुक्याला भोक चालतं. उन्हात ठेवलेले डबे असतील तर नख घासून बघा, पांढरी पावडर आली आणि कड बोटाने मोडली तर त्याला वेल्ड करून उपयोग नाही, ऊन खाऊन गेलाय तो.

नाइलाजाने_सेक्रेटरी
तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व.

रॅम्प झाला. सव्वापाच फूट लांब, झाडूच्या रेघांसकट. गवंडी घोटायलाच निघाला होता, मी थापी हातातून काढून घेतली. एका काकांची स्कूटर लावायची जागा गेली म्हणून कमिटीत पाऊण तास झाला, शेवटी स्कूटर डी विंगखाली आणि काका माझ्याशी बोलत नाहीत. ओल्या सिमेंटवरून रात्री कुत्रा चालत गेला, पंजे कायमचे आहेत, मुलं खूश.

चारही हिरवे डबे आता वेगवेगळे जातात. परवा काट्यावर एक नेला, डब्यासकट ४४ किलो. मी स्वतः ओढून बघितला, हँडल पोटाशी घेऊन तिरका केला की एका हाताने येतो, आणि मी काही पैलवान नाही. ताईंनी एक मागितलं, गेटजवळची गटाराची जाळी चाकाच्या दिशेलाच आहे, चाक फटीत जातं. ती आडवी फिरवून बसवली, पाच मिनिटांचं काम. अजून काय आहे विचारलं तर म्हणाल्या हातमोजे मोठ्या मापाचे आहेत, डबा हातातून सटकतो. ते आणलेत.

गोल शिक्काही बघितला मनी. दोन डबे घेतले त्याच्या पाच वर्षं आधीचे निघाले. दुकानदार फोन उचलत नाही.

आता अडकलोय इथे: स्टेनलेसचा दांडा फॅब्रिकेटरने १९ मिलीचा दिलाय, नव्या चाकाचं भोक २२ आहे, डुगडुगतं. बुश (मधली फट भरणारी नळी) टाकू की दांडा बदलू?

जांभा_चिरा
दांडा बदला. चाक हातात घेऊन जा आणि दुकानातच घालून बघा, मापं तोंडी सांगू नका फॅब्रिकेटरला, ते मनातलं माप धरतात.